इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप आणि नादातले फरक

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले कायमचुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याच्या तारेची कॉइल. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते आणि नेहमीच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तिचे सात-आठ हजार वेढे असतात. गिटारची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की ते क्षेत्र कमी-जास्त होते आणि कॉइलमध्ये विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचाच हा उपयोग आहे. केबलमधून अँपकडे जातो तो हा दाब. पिकअपला समजते ती जवळजवळ फक्त त्याच्या माथ्यावरच्या तेवढ्या तुकड्याची हालचाल. उरलेली तार काय करते आहे याची त्याला दखल नसते. गिटारवर दोन किंवा तीन पिकअप बसवतात आणि त्यांच्यात निवड करायला स्विच देतात, त्यामागचे मूळ कारण हेच आहे.

छेडलेली तार एकाच लयीत हलत नाही. तिच्या पूर्ण लांबीचे कंपन मूळ स्वर देते. त्याच वेळी ती दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावत असते आणि त्यातून वरचे उपस्वर निघतात. प्रत्येक उपस्वराचे तारेवर काही स्थिर बिंदू असतात, जिथे त्या उपस्वरापुरती तार हलतच नाही. पिकअप नेमका अशा बिंदूखाली आला तर तो उपस्वर अँपपर्यंत पोचत नाही. पिकअप जिथे तार सर्वाधिक झुलते तिथे असेल, तर तोच उपस्वर ठळक येतो. पिकअप बदलणे म्हणजे तार कुठे ऐकायची हे ठरवणे.

स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारवर हे मोजून पाहता येते. तिच्या खुल्या तारेची लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते आणि नेक पिकअप ब्रिजपासून साधारण १६२ मिलिमीटरवर, म्हणजे तारेच्या एक चतुर्थांश अंतरावर येतो. चौथ्या उपस्वराचा स्थिर बिंदू बरोबर तिथेच असतो. त्यामुळे खुल्या तारेवर नेक पिकअपला चौथा उपस्वर जवळपास मिळत नाही. दुसरा उपस्वर, म्हणजे वरचा षड्ज, मात्र तिथेच सर्वांत जोरात असतो. नेक पिकअपचा भरीव, गोल नाद यातूनच येतो.

तार दाबली की हे गणित बदलते. बाराव्या फ्रेटवर दाबलेल्या तारेची लांबी ३२४ मिलिमीटर उरते आणि तोच नेक पिकअप आता तिच्या बरोबर मध्यावर येतो. मध्यावर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर स्थिर असतात. पिकअपकडे जातात ते मूळ स्वर आणि विषम उपस्वर. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकातही विषम उपस्वरांचाच वरचष्मा असतो. प्रस्तुत लेखक शिकाऊ मुलांना पिकअप समजावताना याच जागेपासून सुरुवात करतो. टोन पूर्ण उघडा, अँप क्लीन, दुसरी तार बाराव्या फ्रेटवर, पिक नेहमी एकाच जागी. आधी नेक पिकअप, मग स्वर अजून वाजत असतानाच स्विच मधल्या पिकअपवर. पोकळ, बासरीच्या जवळ जाणाऱ्या नादात वरचा षड्ज एकदम उगवल्यासारखा ऐकू येतो. बोट हललेले नसते, पुन्हा आघातही केलेला नसतो. हा फरक एकदा कानाला कळला की पुढचे विवेचन सोपे जाते.

पिकची जागा कायम ठेवण्याचा आग्रह उगीच नाही. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू असतात, ते उपस्वर मुळात जागेच होत नाहीत. आघाताची जागा आणि पिकअपची जागा एकाच वेळी बदलली तर नादातला कोणता फरक कशामुळे झाला हे सांगता येत नाही.

मधला पिकअप ब्रिजपासून साधारण ९८ मिलिमीटरवर असतो. ही जागा तारेच्या एक षष्ठांश आणि एक सप्तमांश अंतरांच्या मध्ये पडते, त्यामुळे खुल्या तारेवर सहावा आणि सातवा उपस्वर क्षीण होतात. ब्रिज पिकअप तार जिथे टेकते तिथून चार-एक सेंटिमीटरवरच असतो. तिथे तारेचे झुलणे अगदी कमी, मूळ स्वर दुबळा आणि वरचे उपस्वर त्या मानाने पुष्कळ. म्हणून ब्रिज पिकअपचा नाद चिरका, धारदार आणि गर्दीतून वर निघणारा असतो. स्ट्रॅटोकास्टरवर तो तिरका बसवलेला असतो. जाड तारांखाली तो ब्रिजपासून थोडा दूर, बारीक तारांखाली थोडा जवळ येतो. त्यामुळे जाड तारांना जरा अंग मिळते आणि बारीक तारांना धार.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिला तीन पिकअप होते आणि स्विचही तीन जागांचा होता. एका वेळी एकच पिकअप चालावा अशी ती योजना होती. वादकांनी मात्र स्विचची दांडी दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकदम चालू करण्याची युक्ती शोधली. त्यातून निघणारा काचेसारखा स्वच्छ, किंचित नाकातला नाद इतका लोकप्रिय झाला, की फेंडर कंपनीने १९७७ मध्ये या गिटारवर पाच जागांचा स्विच बसवायला सुरुवात केली. आज दुसरी आणि चौथी जागा म्हणतात त्या याच. ब्रिज ही पहिली जागा आणि नेक ही पाचवी.

या मधल्या जागांच्या नादाला अनेक वादक सवयीने ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात. विद्युतदृष्ट्या तसे नसते. दोन्ही पिकअप एकाच दिशेने, समांतर जोडलेले असतात. काही उपस्वरांपुरती तार एका पिकअपवर वर जात असते त्याच क्षणी दुसऱ्यावर खाली येत असते. असे उपस्वर बेरजेत एकमेकांना खोडतात. चौथ्या जागेवर, म्हणजे नेक आणि मधला पिकअप एकत्र असताना, खुल्या तारेचा पाचवा उपस्वर जवळजवळ नाहीसा होतो. दुसऱ्या जागेवर, ब्रिज आणि मधल्याच्या जोडीत, ही खोड नवव्या-दहाव्या उपस्वराच्या आसपास पडते. चौथी जागा मऊ आणि दुसरी टणक का वाटते, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. डायर स्ट्रेट्सच्या १९७८ च्या ‘सल्तन्स ऑफ स्विंग’मध्ये मार्क नॉफ्लर यांच्या गिटारचा जो टपोरा, कोरडा नाद आहे, तो दुसऱ्या जागेचा परिचित नमुना मानला जातो.

मधल्या जागांचा आणखी एक लाभ भारतीय रंगमंचावर फार जाणवतो. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या वायरिंगमधले क्षेत्रही पकडतो आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर स्पीकरमधून येते. दिव्यांचे डिमर, ट्यूबलाइटचे चोक, स्टेजखालून गेलेल्या जाड केबली असल्या की ती वाढते. आजच्या बहुतेक स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारवर मधल्या पिकअपचे चुंबक उलटे आणि कॉइलचे वेढेही उलट दिशेने असतात. त्यामुळे जोडीत तारेचा संदेश बेरजेत येतो आणि घरघर वजाबाकीत जाते. प्रस्तुत लेखक हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. निवेदन चालू असताना किंवा गाण्याच्या संथ सुरुवातीला, दिवे मंद होऊन घरघर चढली की दुसरी किंवा चौथी जागा धरायची, ही त्याची कायमची सवय आहे. पाचव्या जागेवाचून चालणारच नसेल तर गिटार हळूहळू वळवून घरघर सर्वांत कमी येते तो कोन शोधावा लागतो. थोडे वळण्यानेही तिच्यात लक्षात येण्याइतका फरक पडतो.

घरघरीचा कायमचा बंदोबस्त गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी केला. दोन कॉइल शेजारी-शेजारी, चुंबकांची आणि जोडणीची दिशा उलट, अशा त्यांच्या पिकअपसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९५७ पासून हे हमबकर लेस पॉल गिटारवर दिसू लागले. हमबकर तारेच्या दोन जागा एकदम ऐकतो, त्यामुळे अगदी वरचे उपस्वर कमी होतात आणि नाद जाड, मधाळ होतो. लेस पॉलवर दोन पिकअप आणि तीन जागांचा टॉगल स्विच असतो. वर रिदम, खाली ट्रेबल आणि मध्ये दोन्ही. प्रत्येक पिकअपचे व्हॉल्यूम वेगळे असल्याने मधल्या जागेवर दोन्हींचे प्रमाण बदलून बऱ्याच छटा काढता येतात. एकाचे व्हॉल्यूम शून्यावर आणून टॉगल भराभर वर-खाली केला तर लांब स्वराचे तालात तुकडे पडतात. रॉकमध्ये ही युक्ती मुबलक वापरली जाते. हमबकरची एक कॉइल बंद करण्याची सोयही अनेक गिटारवर असते. तेव्हा नाद सिंगल कॉइलच्या जवळ जातो, जोर उतरतो आणि घरघर परत येते.

पिकअप समांतर न जोडता एकसर जोडले तर परिणाम निराळा होतो. कॉइलची प्रवर्तकता आणि केबलची धारकता मिळून एका वारंवारतेला अनुस्पंदन होते. तिथपर्यंतचे उपस्वर उठून येतात, पुढचे झपाट्याने गळतात. दोन सारखे पिकअप समांतर जोडले की प्रवर्तकता निम्मी होते आणि अनुस्पंदन वर सरकते, म्हणून नाद चकचकीत. एकसर जोडणीत प्रवर्तकता दुप्पट होते, म्हणून नाद मोठा आणि मध्यसप्तकात दाट. ब्रायन मे यांनी वडिलांसोबत १९६३ पासून घरीच बनवलेल्या ‘रेड स्पेशल’ गिटारवर तीन पिकअप एकसर जोडलेले आहेत. प्रत्येकाला चालू-बंद करण्याचा एक आणि दिशा उलटण्याचा एक, असे सहा स्विच तिच्यावर आहेत. दिशा उलटली की दोन्ही पिकअपना सारखाच मिळणारा मूळ स्वर खोडला जातो आणि बारीक, नाकातला नाद उरतो. पीटर ग्रीन यांच्या लेस पॉलवर नेक पिकअपचे चुंबक उलटे असल्याने टॉगलच्या मधल्या जागेला असाच नाद येई आणि तीच त्या वाद्याची ओळख झाली.

स्विच फिरवल्यावर नादाबरोबर जोर बदलू नये, यासाठी पिकअपची उंची लावावी लागते. नेकजवळ तार जास्त झुलते म्हणून तिथला पिकअप तारांपासून दूर ठेवतात, ब्रिजचा जवळ आणतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, आधी ब्रिज पिकअपची उंची ठरवून बाकीचे दोन कानाने त्याच्याशी जुळवणे हा सोपा क्रम आहे. नेक पिकअप फार वर आणू नये. चुंबक जाड तारांना ओढतात, वरच्या फ्रेटवर स्वर हेलकावतो आणि सूर लागल्यासारखा वाटत नाही. सूर बिघडला की दोष तारांना किंवा ट्यूनरला दिला जातो. पिकअपचे स्क्रू थोडे उतरवले की तो बहुधा तिथेच मिटतो.

प्रत्यक्ष वादनात निवड ठरते ती सोबतच्या वाद्यांवरून. ऑर्केस्ट्रात बेस गिटार आणि कीबोर्डचा डावा हात खालचा पट्टा व्यापून असतात. तिथे नेक पिकअपवर भरगच्च कॉर्ड धरले की सगळ्यांचाच नाद गढूळ होतो. गायकाच्या मागे रिदमला चौथी किंवा दुसरी जागा बसते; ढोलकीच्या चाटीच्या आणि शब्दांच्या आड ती येत नाही. दोन कडव्यांमधल्या तुकड्याला ब्रिज पिकअप आणि टोन थोडा उतरवलेला. संथ सोलोला नेक. डिस्टॉर्शन लावले की नियम बदलतो, कारण ते स्वतःच नवे उपस्वर तयार करते. नेक पिकअपवरचे कॉर्ड त्यात विरघळतात, तर ब्रिज पिकअपवर प्रत्येक तार सुटी कळते. म्हणून जड रिफ ब्रिजवर आणि सलग, ओढून वाजवायचा सोलो नेकवर, ही वाटणी रूढ झाली आहे.

स्विच हलवणे हा हाताच्या सरावाचा भाग आहे. स्ट्रॅटवर दांडी उजव्या हाताच्या करंगळीच्या टप्प्यात असते. ओळीच्या शेवटच्या आघातानंतरच्या रिकाम्या मात्रेत ती ढकलली तर बदल स्वच्छ होतो. स्वर वाजत असताना ढकलली तर नाद मध्येच उडी घेतो. ती उडी हवी असेल तेव्हाच तसे करावे. गाणे बसवताना कॉर्डच्या ओळीवर स्विचच्या जागांचे आकडे लिहून ठेवावेत आणि हातांबरोबर तेही पाठ करावेत.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात स्विचचे संपर्क गंजतात, खरखर सुरू होते, एखादी जागा मुकी होते. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दांडी अनेकदा पुढे-मागे केली की बहुतेक वेळा काम भागते.

नाद घडवताना आधी पिकअप, मग गिटारवरचे व्हॉल्यूम आणि टोन, त्यानंतर पेडल आणि अँप, असा क्रम ठेवावा. अँपवरचे ट्रेबल मिळालेल्या उपस्वराला वाढवते किंवा कमी करते. पिकअपने ज्या जागी तो टिपलाच नाही, तिथून तो अँपला परत आणता येत नाही.