वहीचे पहिले वर्ष

यंदाच्या वेळ अमावास्येला माझ्या एका वहीला वर्ष पुरे झाले. वही साधीच आहे. दोनशे पानांची, पुठ्ठ्यावर तेलाचे डाग पडलेली. तिच्यात मी आमच्या किल्लारी गावचे खाणेपिणे लिहून ठेवतो. मी शिक्षक आहे. वर्गात व्याकरण शिकवितो. घरी चुलीपाशी मला सहसा कोणी उभे राहू देत नाही. असल्या माणसाने भाकरी-कालवणाची वही का लिहावी, असे घरच्या मंडळींनी विचारले, तेव्हा मी नुसता हसलो.

खरे कारण आजीची आंबील हे होते.

आमच्या लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातील अमावास्येला सारे गाव शेतावर जाते. घरांना कुलपे लागतात. रस्ते ओस पडतात. शेतात कडब्याची खोप उभारतात, आत पाच दगड मांडून त्यांची पांडव म्हणून पूजा करतात आणि मग जेवणाची पंगत बसते. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि तुरीचे हिरवे दाणे, वाटाणे, सोले, पालेभाज्या व डाळीचे पीठ घालून शिजविलेली, चिंचेने आंबटसर झालेली भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे पाहुण्यांना दर वर्षी सांगावे लागते. या सर्वांबरोबर मातीच्या मडक्यात गार आंबील असते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवितात, शिजवितात, आणि निवल्यावर पुन्हा ताक, लसूण, जिरे, मीठ घालतात. तीच आंबील उभ्या पिकावर शिंपडीत शेताला फेरी घालावयाची. आधी शेताला, मग माणसांना.

गेल्या वर्षी खोपीत बसून काकांनी आंबिलीचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवीत ते म्हणाले, "बरी आहे. पण आईच्या हातची नव्हे." त्या रात्री मी वही काढली.

आजी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गेली. चार वाजायला चारच मिनिटे उरली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेले लोक गाढ झोपेत होते. आमची घरे दगडांची, भिंती मातीत रचलेल्या, आणि माथ्यावर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हे माळवद मोठे सुखाचे वाटे. त्या पहाटे तेच अंगावर आले. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे मृत्यू पावली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पुढे ढिगाऱ्यातून आमचा पितळी तांब्या निघाला, चेपलेला. तो अजून घरात आहे. आजीची आंबील कशी होत असे, हे मात्र कोणालाच नीट सांगता येईना. तिने ते कधी लिहिले नव्हते. तिला लिहिता येतही नव्हते.

पहिले चार महिने माझी वही फार डौलात चालली. मी घरोघर जाऊन विचारीत असे आणि बायका तोंडाला पदर लावून हसत असत. "किती पीठ?" असे विचारले, की उत्तर येई, "लागेल तेवढे." "मीठ?" "चवीपुरते." एका आजींनी मात्र चिपटे-मापट्यात हिशेब सांगितला, तेव्हा मला जुनी कोष्टके आठवावी लागली : दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर. मी वर्गातील मुलांनाही कामाला लावले. त्यांनी घरून शेंगांची चटणी, धपाटे, हुरड्याचे थालीपीठ यांची कृती लिहून आणली. एका मुलाने तिखटाच्या मापापुढे लिहिले होते, 'आईला राग आला असेल त्या मानाने.' मी त्याला पूर्ण गुण दिले.

२०२४ साली आमच्या जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ती नावे आता दुसरीकडच्या मालाला लावता येत नाहीत. तेही मी मोठ्या अभिमानाने वहीत टिपले. मात्र शेजारच्या पानावर हेही लिहावे लागले, की पूर्वी जेथे ज्वारी डोलत असे तेथे आता कितीतरी शिवारांत सोयाबीन असते.

आंबिलीचे पान मात्र कोरेच राहिले. मी स्वतः सात वेळा आंबील करून पाहिली. एकदा ती इतकी आंबली, की मांजरानेही तोंड फिरविले.

आषाढात मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या काकूंकडे गेलो. जुन्या गावात त्यांचा वाडा आमच्या घराला लागून होता. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. त्यांत आमचेही गाव होते. रस्ते रुंद झाले, घरे मजबूत झाली. ते फार चांगले झाले. घरांचे आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले : ज्यांना जमीन नाही वा थोडी आहे त्यांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. सारख्या आकाराची घरे एका बाजूला आली आणि जुन्या गल्ल्या विस्कटल्या. ज्यांची भिंत आम्हाला लागून होती त्या काकूंकडे जायला आता वीस मिनिटे चालावे लागते.

मी आंबिलीचे विचारताच काकू म्हणाल्या, "अरे लेकरा, तुझ्या आजीच्या घरी दुभतं कुठं होतं? तिच्या आंबिलीला ताक आमच्या घरचं असायचं!"

मी थक्क झालो. नऊ वर्षांच्या मुलाला ताक कोठून येते हे कसे ठाऊक असणार? आमच्याकडे ताक विकीत नसत. ज्याच्या घरी म्हैस असे तो ते शेजाऱ्यांना देई. ताकात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. पीठ आंबविण्याचे काम तेच करतात. घर बदलले, विरजण बदलले, की चव बदलते. मी वर्षभर आजीच्या हाताचा शोध घेत होतो, आणि निम्मी चव भिंतीपलीकडून येत होती.

ही गोष्ट मी मोठ्या आनंदाने सर्वांना सांगत सुटलो. तेवढ्यात शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ साली निघालेले पुस्तक माझ्या हाती आले. मराठवाड्यात ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेविले, त्या लोकांचे अन्न त्यात आहे. ते वाचून मी माझी वही पुन्हा उघडली. बहुतेक सारी पाने आमच्याच गल्लीची होती. मग मी ज्या घरांत कधी गेलो नव्हतो तेथे गेलो. एका मावशींना मी ताकाची हकिगत ऐकविली. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताक आम्हालाही मिळायचं, गुरुजी. पण भांडं खाली ठेवायचं आणि लांब उभं राहायचं. वरून धार पडायची."

आमच्या घरची रीत काय होती, असे मी काकांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीच." मी ते ताकाच्या पानावरच लिहिले. मावशींनी त्या दिवशी मला अंबाडीची भाजी आणि भाकरी वाढली; ती कृती पुढच्या पानावर आहे.

यंदा वेळ अमावास्येच्या आदल्या सकाळी मी काकूंकडे गेलो. त्यांच्या सुनेने अजून एक म्हैस राखली आहे. किटलीभर ताक घेऊन मी परत आलो आणि पीठ स्वतः कालविले. दुसऱ्या दिवशी खोपीत काकूंच्या घरची मंडळी होती, मावशीही नातवाला घेऊन आल्या होत्या. शेताला फेरी घालून झाल्यावर मी सर्वांच्या वाट्या भरल्या. काकांनी घोट घेतला, थोडा वेळ समोरच्या ज्वारीकडे पाहिले आणि वाटी पुन्हा पुढे केली.

"तशीच झाली का?" मी विचारले.

"मीठ कमी आहे," काका म्हणाले.

तेही मी लिहून ठेविले आहे.