गारठ्याची धास्ती

सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता आहे; लसींचा साठाही माझ्याकडेच. लाइट गेली की सगळे लसींची काळजी करतात. पण लसी ठेवायच्या खास फ्रीजचं, आयएलआरचं, झाकण उघडलं नाही तर आतला थंडावा तासन्‌तास टिकतो. मला धास्ती असते ती जास्तीच्या गारठ्याची.

उष्णतेने लस बिघडली तर बाटलीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी खूण, ते सांगतो. आतला चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठून पुन्हा वितळल्या, तर व्हीव्हीएमला त्याचा पत्ताच नसतो. आत ॲल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटलेले असतात, लसीचा जोर गेलेला असतो. बाळ सुई सोसतं, कार्डावर नोंद होते, आई निर्धास्त होऊन घरी जाते, आणि बाळाला संरक्षण मिळालेलंच नसतं. हा विचार मला सहन होत नाही.

म्हणून लसीकरण सत्राच्या सकाळी आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून टेबलावर मांडतो आणि थांबतो. त्यांना घाम सुटला पाहिजे, हलवल्यावर आत पाणी वाजलं पाहिजे. तेव्हाच ते लसी पाड्यावर नेण्याच्या कॅरिअरमध्ये जातात. सिस्टर म्हणतात, "सर, द्या ना तसेच, पाड्यावरच्या बाया कामाला निघून जातील." त्यांचंही खरंच असतं. त्यामुळे आता मीच लवकर येऊन पॅक बाहेर काढतो.

एकदा परत आलेल्या एका कॅरिअरमध्ये आइसपॅक कडक होते आणि पेंटाच्या बाटल्या त्यांना टेकलेल्या. पूर्ण गोठलेली बाटली असती तर सरळ बाद केली असती. इथे शंका होती. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवली, वितळू दिली, मग ती आणि शंकेतली एक बाटली एकत्र हलवून टेबलावर ठेवल्या. गोठवलेल्या बाटलीतला गाळ भराभर खाली बसला. शंकेतल्या बाटलीतलाही तितक्याच वेगाने बसला. म्हणजे कॅरिअरमधल्या त्या बाटल्याही बाद.

बाद बाटल्या आयएलआरमध्ये चुकूनही परत जाता कामा नयेत. त्या वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली, नोंदवहीत कारण लिहिलं. त्या कॅरिअरमधून ज्या बाळांना पेंटा दिली होती, त्यांची नावं सिस्टरांनी रजिस्टरमधून काढली आणि आम्ही दोघं ती यादी घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. डोस पुन्हा द्यायचं ठरलं. आशाताईंनी घरोघरी जाऊन आयांना कारण समजावून सांगितलं.