टाचणी, खळ आणि धावदोरा

नातवाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली आणि मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढवली. तिच्यात माझ्या आईची दोन लाल लुगडी जपून ठेवली होती. नेसून-धुऊन त्यांचे सूत विरळ झाले होते. त्यांची गोधडी शिवून बाळाला पणजीची ऊब द्यावी, असे मनात होते.

आई गोधडी शिवी ती केवळ सुई, दोरा आणि डाव्या हाताचा अंगठा यांच्या बळावर. कडेपासून सुरुवात करायची, तुकड्याची धार बोटाने मुडपायची, अंगठ्याखाली दाबायची आणि धावदोरा घालीत मध्याकडे सरकायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी भगिनी आपली कवंदी अशाच रीतीने कडेकडून आत शिवत नेतात. त्यांच्यात आपले कॅथलिक बांधवही आहेत. परंतु माझी बोटे आता आखडली आहेत. तुकडा जागेवर धरून ठेवण्यास मला कशाची तरी मदत हवी होती. मी टाचण्यांचा डबा उघडला.

“आई, टाचण्या नकोत,” सूनबाई हळूच म्हणाली. “धुऊन निघणारा गोंद मिळतो. शाळेतली मुले वापरतात तो.”

मला राग आला. लुगड्याला गोंद? पण तिच्या ‘नकोत’मागचे कारण मला ठाऊक होते. 1987 साली, माझ्या थोरल्यासाठी शिवलेल्या गोधडीत एक टाचणी राहून गेली होती. रात्रभर मूल रडले. पोट दुखत असेल म्हणून मी ओव्याचा शेक दिला. पहाटे आईने गोधडीवरून तळवा फिरवला आणि टाचणी काढून माझ्या हातावर ठेवली. बाळाच्या मांडीवर लाल रेघ उमटली होती. आई रागावली नाही. “यापुढे मोजून घे, मोजून ठेव,” एवढेच म्हणाली. तेच मूल आज सूनबाईचे यजमान.

मी दोन्ही गोष्टी चिंधीवर करून पाहिल्या. टाचणी झटपट लागते, चुकल्यास काढता येते; पण जुन्या सुतात तिने भोक पाडले, धागा ओढला गेला. आमच्या खाऱ्या हवेत तिला गंज चढतो आणि त्याचा डाग सहज जात नाही. गोंद फार लावला तेव्हा कापड पुठ्ठ्यासारखे झाले, सुई शिरेना. मग मुडपलेल्या धारेच्या आत मोहरीएवढे थेंब लावून कोमट इस्त्री फिरवली. तुकडा सुरकुती न पडता बसला. ती चिंधी रात्रभर भिजवून धुतली, तेव्हा मऊ होऊन परत आली. सुताराचा पांढरा गोंद मात्र असा निघत नाही, तो येथे उपयोगाचा नाही. मैद्याची खळही चालली असती. पण काम महिनाभर चालणार होते, आणि खळीच्या वासाला झुरळे येतात.

मी गोंद निवडला, तो केवळ तुकड्यांपुरता. अस्तर आणि वरचा थर यांना लांब कच्चे टाके घातले. त्यावर धावदोरा पुरा झाल्यावर ते उसवून टाकले.

तेव्हा मनात आले की, टाचणी काय, गोंद काय, दोन्ही घटकाभरचे सोबती. काम झाल्यावर त्यांनी निघून जायचे असते. राहायचे ते दोऱ्याने. वाईट एवढेच की, माझ्या हातून एकदा जायचे ते राहून गेले.

गोधडी दोनदा धुऊन उन्हात वाळवली. एकही टाचणी वापरली नव्हती, तरी डब्यातल्या सगळ्या मोजल्या. संध्याकाळी मुलगा कामावरून आला. त्याला ती रात्र आठवणे शक्यच नव्हते. तरी बाळाला ठेवण्यापूर्वी त्याने गोधडीवरून तळवा फिरवला, सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत. अगदी माझ्या आईसारखा.