झाकणाचा डबा

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीस बंजारा समाज आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांतून माणसे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आमची नजर मात्र खिळली ती वृद्ध बायकांच्या खांद्यावरील पिशव्यांवर. कापडाच्या तुकड्याला तुकडा जोडून दाट टाके घातलेले, कडेने कवड्या, मध्ये आरशाची भिंगे. बैलांच्या पाठीवर धान्य अन् मीठ लादून मुलूख तुडवणाऱ्या या समाजाला न टिकणारी वस्तू बाळगणे परवडणारे नव्हते. जोड लपवू नये, तो बळकट करावा, हे त्या पिशव्या पाहून आम्हांस उमगले.

मुलांच्या मेजावरील वस्तू घरच्याच टाकाऊ जिनसांतून करताना हे फार उपयोगी पडते. दुधाच्या भुकटीचा पत्र्याचा डबा घ्यावा. त्याची आतली कड बोट कापते; ती चमच्याच्या पाठीने दाबून घ्यावी आणि वरून जुन्या लुगड्याच्या काठाची दुहेरी पट्टी बसवावी. उंच पेन्सिली एका बाजूस कलल्या की हलका डबा कलंडतो, म्हणून तळाशी मूठभर वाळूची पुरचुंडी ठेवावी. चिकटवण्यास मैद्याची खळ पुरे. (पुस्तकबांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते विष, मुलांच्या वस्तूंत नको.) सहा रिकाम्या काडेपेट्या एकमेकींस चिकटवल्या की टाचण्या-खोडरबरांचे खण होतात, ओढण्यास सदऱ्याचे बटण.

शाळांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ची प्रदर्शने भरतात. त्यांसाठी बाजारातून चमकी, रंगीत कागद, प्लास्टिकची फुले विकत आणली जातात आणि गुण मिळाले की आठवडाभरात ती वस्तू उकिरड्यावर जाते. टाकाऊतून अधिक टाकाऊ! अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून विज्ञानाची खेळणी घडवली. २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या आयुका संस्थेत हेच काम करीत होते. त्या खेळण्यांत सजावट जवळजवळ नाहीच. वस्तू चालते की नाही, एवढीच कसोटी.

आम्हांस अधिक टोचते ते निराळेच. नाताळाच्या सुमारास आपल्या घरांतून गरीब मुलांसाठी वस्तू गोळा होतात. त्यांत बिजागरी तुटलेल्या कंपासपेट्या असतात, अर्ध्या लिहिलेल्या वह्या असतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात म्हटले आहे की, योग्य हेतूने केलेला वस्तूचा पुनर्वापर ही प्रेमाची कृती ठरू शकते. ‘योग्य हेतूने’ ही अट आपण अलगद ओलांडून जातो. घरातली अडगळ कमी करणे हा तो हेतू नव्हे. स्वतःच्या मुलाच्या मेजावर जे आपण ठेवणार नाही, ते तांड्यावरील मुलाच्या हाती कोणत्या तोंडाने द्यावे?

आणि तेथे मेज तरी कोठे? विदर्भ-मराठवाड्यातील तांड्यांवरून अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीस जातात. पुष्कळदा मुलेही बरोबर असतात. त्या मुलाचे मेज म्हणजे त्याची मांडी, फार तर पत्र्याची पेटी. उघड्या तोंडाची पेनदाणी त्याच्या काय कामाची? बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये चढले की सगळ्या पेन्सिली वाटेत सांडणार. म्हणून अशा मुलांसाठी आम्ही घट्ट झाकणाचेच डबे निवडतो. वाळू घालत नाही. झाकणास एक भोक पाडून ते दोरीने डब्याला बांधून टाकतो, म्हणजे हरवत नाही. वरून कोणता काठ लावावा हे मात्र आम्ही ठरवीत नाही. तीन-चार पट्ट्या डब्यातच घालून पाठवतो. खळ काय, कोणाच्याही चुलीवर होते.