किनाऱ्यावरचा दिवा

माझ्याजवळ सव्वीस सेकंदांची एक चित्रफीत आहे. ती मी कोणत्याही माहितीपटात वापरली नाही आणि पुसूनही टाकली नाही. काळोखातून एक कासवी किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या थोडे वर थांबते, तिच्या पाठीवर प्रकाश पडतो, ती मान किंचित वळवते आणि आल्या वाटेने समुद्रात परत जाते. तो प्रकाश माझ्या दिव्याचा होता.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. इतिहासाच्या वाचकांना ते नाना फडणवीसांचे गाव म्हणून ठाऊक असते, पण आता त्याची ओळख कासवांचे गाव अशी झाली आहे. पूर्वी या किनाऱ्यावरची कासवांची अंडी उकरून विकली जात. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेने ग्रामस्थांना हाताशी धरून संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे हे काम गावाने आपलेसे केले. या परिसरातील किनाऱ्यांवर लहानसा माहितीपट करण्यासाठी, वनविभागाची परवानगी घेऊन, मी एका हिवाळ्यात गेलो होतो.

येथे येणारी कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. ओडिशातील गहिरमाथा किंवा ऋषिकुल्या येथे त्या हजारोंच्या संख्येने एकाच वेळी येतात. कोकणात मात्र एकेकटी मादी येते आणि अनेक रात्री कोणीच येत नाही. आलेली मादी पुढच्या वल्ह्यांनी वाळू बाजूला सारते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून आपल्याच अंगाने डावी-उजवीकडे डोलत ती चोपून बसवते. हे सारे तासाभरात आटोपते. अंडी घालणे एकदा सुरू झाले की ती सहसा उठत नाही. त्याआधी मात्र हालचाल वा उजेड जाणवला तर परत फिरते. हे मला वाचून माहीत होते. रात्रीची गस्त घालणाऱ्या काकांनीही संध्याकाळीच बजावले होते, “साहेब, मी सांगेपर्यंत दिवा लावू नका. लावलात तर तांबडाच लावा.” तांबडा प्रकाश कासवांना फारसा जाणवत नाही. पण पाच रात्री रिकाम्या गेल्या होत्या, सहाव्या रात्री ती आली, आणि पडद्यावर नुसता काळोख दिसत असल्याने माझे बोट पांढऱ्या दिव्याच्या बटणावर गेले.

काका रागावले नाहीत. “आज दुसरी येणार नाही,” एवढेच म्हणाले आणि पुढे चालू लागले. रागावले असते तर बरे झाले असते.

आमच्या व्यवसायात एक अलिखित नियम आहे : पाहावे, हात लावू नये. शिकारीही आपला नाही आणि शिकारही आपली नाही. तरी या नियमाला अपवाद झाले आहेत. बीबीसीच्या 2018 मधील ‘डायनॅस्टीज’ या मालिकेत अंटार्क्टिकामधील एम्परर पेंग्विन पिलांसह एका घळीत अडकले, तेव्हा चित्रीकरण करणाऱ्यांनी बर्फात उतार खणून दिला. त्याआधी 2016 मधील ‘प्लॅनेट अर्थ 2’साठी बार्बाडोसमध्ये चित्रीकरण चालू असताना शहराच्या दिव्यांकडे भरकटलेली कासवांची पिले त्या चमूने उचलून समुद्राकडे पोहोचवली. पहिल्या अपवादाविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. दुसऱ्याविषयी असावेत असे मला वाटत नाही.

मी ज्या घरात वाढलो, तेथे विहिरीचे पाणी दुहेरी वस्त्रातून गाळले जाई आणि ते वस्त्र उलटे धरून, वर पाणी ओतून, त्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडले जात. दुसऱ्या विहिरीत नव्हे. ज्या पाण्यातले असतील त्याच पाण्यात. लहानपणी हे काम मला कंटाळवाणे वाटे. कॅमेरा हाती घेतल्यावर पाहणे आणि हात लावणे यांतील सीमा शोधताना ते वारंवार आठवत गेले.

त्याच मुक्कामाच्या अखेरीस शेजारच्या एका छोट्या किनाऱ्यावरील घरट्यातून पिले बाहेर येण्याची चिन्हे दिसली. ते घरटे उशिरा लक्षात आले होते. गर्भ वाढू लागल्यावर अंडी हलवली तर दगावतात, म्हणून ती वेळासप्रमाणे कुंपणातल्या वाळूत न नेता जागेवरच ठेवली होती. पहाटे, उजाडण्याच्या कितीतरी आधी, वाळू किंचित खचली आणि दीड इंचाची काळी पिले एकमेकांवर चढत वर आली. कासवी नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते, असे आपल्या संतवाङ्मयात वारंवार येते. कल्पना फार सुंदर आहे. पण या पिलांची आई सुमारे पन्नास दिवसांपूर्वीच समुद्रात निघून गेली होती आणि ती त्यांना कधी पाहणारही नव्हती.

वाळूत बिळे करून राहणाऱ्या एका फिकट खेकड्याने एका पिलाचे वल्हे धरले. मी ते चित्रित केले. पिलू पुढे ओढत होते, खेकडा मागे. बिळाच्या तोंडाशी गेल्यावर ते दिसेनासे झाले. मी जागचा हललो नाही. आजही माझे मत तेच आहे. पण ते मत बाळगणे सोपे नाही.

त्यानंतर सात-आठ पिले समुद्राकडे पाठ करून सुरूच्या बनाकडे चालू लागली. पिले सर्वांत उजळ क्षितिजाकडे जातात. निसर्गक्रमात ते समुद्राचे असते. त्या पहाटे मात्र झाडांमागच्या एका घराच्या ओसरीवर दिवा जळत होता. काकांनी तो विझवायला सांगण्यासाठी धाव घेतली. मी कॅमेरा तसाच सोडला, त्यावरची जाड चादर दोन्ही हातांनी पसरून दिव्याच्या आड उभा राहिलो. दिवा विझायला दहा मिनिटे लागली असतील. काकांनी परत येऊन चुकलेली पिले वेचून ओल्या वाळूवर ठेवली आणि ती आपल्या पायांनी पाण्यात गेली. माझ्या चित्रीकरणात त्या दहा मिनिटांत रिकामी वाळू आणि चादरीची एक कड एवढेच आहे.

माहितीपट पूर्ण झाल्यावर सांगलीला घरी आईला दाखवला. खेकड्याच्या प्रसंगी तिने मान फिरवली.

“तू तिथंच होतास ना रे?”

“होतो.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग मी तिला ती सव्वीस सेकंदांचीही चित्रफीत दाखवली आणि दिवा कोणाचा ते सांगितले.

“मग ती परत आली का?”

दोन रात्रींनंतर काकांना तेथून उत्तरेला एक माग दिसला होता आणि त्याच्या टोकाशी 112 अंडी मिळाली होती. ती तीच मादी होती असे कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही, हे मी आईला सांगितले. तिने चित्रफीत पुन्हा एकदा लावायला सांगितली.