एकच आणि एकत्र

सहशिक्षणाचा वाद आपल्याकडे बहुधा 'एकत्र की स्वतंत्र' एवढ्यावरच घुटमळतो. आगरकरांनी मात्र स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, अशा दोन मागण्या निबंधाच्या शीर्षकातच केल्या होत्या. या दोहोंतील भेद मला कळीचा वाटतो.

१९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेथील शिक्षण स्वतंत्र होते, तसेच वेगळेही होते. मातृभाषेच्या माध्यमाचा आग्रह काळाच्या पुढचा होता; संसार हेच स्त्रीचे मुख्य क्षेत्र, हे गृहीतक मात्र त्या काळाचेच होते. तरीही त्या दारातून आत आलेल्या कितीतरी जणींना दुसरे दार उघडे नव्हते, हे विसरता येत नाही.

माझ्या आत्याचे शिक्षण सातवीत थांबले. गावात मुलींची शाळा तेवढीच होती. पुढचे हायस्कूलही गावातच होते. पण तेथे मुलगे होते, आणि आजोबांच्या लेखी विषय तिथेच संपला. सहशिक्षणाचा कैवार घेताना मला आत्या आठवते. तत्त्व आपले, किंमत तिची.

पण स्वतंत्र शाळा आजोबांच्या भीतीला वळसा घालते, उत्तर देत नाही. शिवाय या वादात आपण मुलींच्या हिताचीच चर्चा करतो. केवळ मुलग्यांत वाढलेल्या मुलग्याने काय गमावले, हे कोणी विचारत नाही.

मी मराठी साहित्य शिकवते. वर्ग मिश्र आहे. तरी डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे, मध्ये वाट. विभावरी शिरूरकरांच्या १९३३ सालच्या 'कळ्यांचे निःश्वास'वर बोलताना एकदा एक विद्यार्थी म्हणाला, "शिकलेल्या, मिळवत्या मुलींना दुःख कसलं?" पलीकडच्या बाकावरून शांत उत्तर आले, "माझा पगार घरी कोण मोजणार, हे अजून माझ्या हातात नाही." तो गप्प झाला. केवळ मुलींच्या वर्गात ती कदाचित अधिक मोकळेपणी बोलली असती; त्याच्या कानांवर मात्र ते कधीच पडले नसते.

म्हणून 'एकच' या मागणीत मला तडजोड मान्य नाही. 'एकत्र' हेही ध्येयच. मात्र जेथे स्वतंत्र शाळेवाचून एखाद्या मुलीचे शिक्षण थांबणार असेल, तेथे ती शाळा आपल्या तत्त्वासाठी बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही.