किल्ली घराबाहेरही असावी

सहामाही परीक्षेच्या दिवसांत आमचा कॉम्प्युटर सुरूच होईना. हार्डडिस्क गेली होती. तीत शाळेच्या उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका होत्याच, शिवाय मरहूम अब्बांनी सांगितलेल्या गोष्टींची रेकॉर्डिंगही होती.

तरी आम्ही निर्धास्त होतो. बाहेरच्या हार्डडिस्कवर विंडोजची सिस्टिम इमेज, म्हणजे सगळ्याची जशीच्या तशी प्रत, घेऊन ठेवली होती. दुकानदाराने तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क बसवून दिली. पण कोऱ्या डिस्कवर कॉम्प्युटर सुरू होणार कसा, आणि तो सुरू झाल्याशिवाय प्रत उतरणार कशी? घराला कुलूप आणि किल्ली आत, अशी गत झाली.

अखेर भाचीच्या कॉम्प्युटरवरही विंडोज १० च होते, ते कामी आले. सर्चमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ लिहून १६ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. त्यातले जुने सारे पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्यावा. बूट मेनूतून त्यावर आमचा कॉम्प्युटर सुरू केला, प्रतीची हार्डडिस्क जोडली आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टिम इमेज रिकव्हरी या वाटेने गेलो.

संध्याकाळी अब्बांचा आवाज ऐकून अम्मी पदराने डोळे पुसत बसल्या. प्रत दोन महिन्यांपूर्वीची होती. नंतर भरलेले गुण मात्र गेले. ते रात्री जागून पुन्हा भरले.

तुम्ही प्रत ठेवत असाल, तर असा पेनड्राइव्ह आजच करा, त्यावरून कॉम्प्युटर एकदा सुरू करून पाहा आणि नाव लिहून कपाटात ठेवा.